ओढ-भाव

गिरिजाबाई बिडवे यांनी पुस्तकाचं नाव लगेच ठरवलं. मुखपृष्ठावर वसतिगृहाच्या लोखंडी गेटचा फोटो घालायचा, हेही ठरलं. अडल्या त्या किमतीपाशी.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत इम्तियाज शेखचं दुकान होतं. पूर्वी तिथे नोट्सच्या झेरॉक्स काढायला पोरांची रांग लागायची. आता झेरॉक्स कोणी काढत नव्हतं, आणि त्या जागी कपाटाएवढं छापयंत्र उभं होतं. एका बाजूने कोरा कागद आत जायचा, दुसऱ्या बाजूने बांधलेलं, कडा कापलेलं, हाताला गरम लागणारं पुस्तक बाहेर पडायचं. एकच हवं असेल तर एकच. पाचशे प्रती छापून त्यांचे गठ्ठे पलंगाखाली ठेवायचे दिवस संपले होते. वाचकाने मागितलं की त्याच्या गावातल्या यंत्रावर त्याची प्रत छापली जायची. कोणी मागितलंच नाही तर पुस्तक कॉम्प्युटरमधली एक फाइल म्हणून पडून राहायचं, आणि लेखकाचं नुकसान फक्त अपेक्षेचं व्हायचं.

"एकशे ब्याण्णव पानं," इम्तियाज स्क्रीनकडे बघत म्हणाला. "कागद, शाई, कव्हर, डिंक धरून, वर वेबसाइटचा आणि माझा वाटा. म्हणजे दोनशे दहाच्या खाली विकता येणार नाही. दोनशे दहाला तुम्हाला काहीच उरत नाही. त्यावर किती लावायचे, ते तुम्ही सांगा."

गिरिजाबाई मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं रेक्टर होत्या. मेसची फी, उशिरा येण्याचा दंड, हरवलेल्या बादलीची भरपाई, सगळं त्यांनी चुटकीसरशी ठरवलं होतं. पण स्वतःच्या लिहिण्याचे पैसे? अडीचशे म्हटलं तर हात पसरल्यासारखं वाटत होतं, चारशे म्हटलं तर मिजास केल्यासारखं.

"तुम्हीच सांगा काहीतरी," त्या म्हणाल्या.

"मी कशाला सांगू, मॅडम? हल्ली बहुतेक लेखक ओढ-भाव घेतात. ठरवायची कटकटच नाही."

ओढ-भाव वर्षभरापूर्वी आला होता. वाचक पुस्तकाची पहिली काही पानं फोनवर फुकट वाचायचा. त्याने परवानगी दिली, आणि सगळेच देत, की वाचताना फोनचा कॅमेरा त्याच्याकडे बघत बसायचा. माणसाचं मन गुंतलं की डोळ्यातली बाहुली मोठी होते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर चेहऱ्याच्या कातडीखाली रक्त येतं आणि ओसरतं, आणि त्या रंगातला फरक माणसाच्या डोळ्याला दिसला नाही तरी कॅमेऱ्याला दिसतो. नजर कुठल्या ओळीवर थबकली, कुठून मागे फिरली, बोट पान सरकवताना कुठे अडलं, हे सगळं एकत्र करून यंत्र एक आकडा काढायचं. या माणसाला हे पुस्तक किती हवंय, याचा तो आकडा. त्यावरून त्याच्यापुरती किंमत ठरायची. कमीत कमी दोनशे दहा, जास्तीत जास्त एकवीसशे.

"म्हणजे ज्याला जास्त आवडेल, त्याने जास्त द्यायचे?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"बाजारात दुसरं काय असतं, मॅडम? फक्त इथे तोंडाने घासाघीस नाही."

गिरिजाबाईंना ते न्याय्य वाटलं की अन्यायाचं, हे त्यांना नक्की कळलं नाही. पण ठरवायची कटकट टळत होती. त्यांनी मान हलवली.

*

पहिला वाचक घरातच होता. राजशेखर बिडवे माती परीक्षण प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले. यंत्र खोटं बोलत नाही, नमुना चुकीचा घेतला जातो, असं त्यांचं आयुष्यभराचं मत. जेवण झाल्यावर ते खुर्चीत ताठ बसले, चष्मा पुसला आणि फोन समोर धरून पानं वाचायला लागले. गिरिजाबाई भांडी आवरत होत्या, पण लक्ष सगळं खुर्चीकडे.

"छान लिहिलंयस," राजशेखर म्हणाले.

"किती आले?"

त्यांनी फोन खाली ठेवला. "उजेड कमी असेल."

दोनशे दहा आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकीपाशी बसून पुन्हा वाचलं. दुपारी झोप झाल्यावर एकदा. चहाच्या आधी आणि चहाच्या नंतर. शेतातल्या चार कोपऱ्यांतून मातीचे नमुने घ्यावेत तसे. आकडा हलला नाही.

"अहो, राहू द्या आता. मी देते ना तुम्हाला एक प्रत."

"प्रश्न प्रतीचा नाही, गिरिजा. मला हे पुस्तक वाचायचंय. मनापासून वाचायचंय, असं मला वाटतं. आणि हे म्हणतंय, नाही वाटत."

"मग नसेल वाटत."

हे त्या चेष्टेने म्हणाल्या होत्या, पण वाक्य बाहेर पडलं तेव्हा त्यात चेष्टा नव्हती. राजशेखर उठून गच्चीत गेले. बराच वेळ झाडांना पाणी घालत होते. गिरिजाबाईंना कळेना की आपण दुखावलो आहोत की आपण त्यांना दुखावलंय. चाळीस वर्षं एकत्र काढलेल्या माणसाला आपल्याबद्दल काय वाटतं हे विचारायची कधी वेळ आली नव्हती, आणि आता न विचारताच उत्तर आलं होतं.

संध्याकाळी हैदराबादहून अक्षताचा फोन आला. लेकीला तीनशे चाळीस आले होते आणि ती खुशीत होती.

"बाबांना किती आले गं?"

"चारशे," गिरिजाबाई म्हणाल्या.

"साडेचारशे," राजशेखर त्याच वेळी गच्चीच्या दारातून म्हणाले.

*

पुस्तक बऱ्यापैकी चाललं. वसतिगृहातल्या जुन्या मुली महाराष्ट्रभर पसरलेल्या होत्या, त्यांचा फोनवर एक ग्रुप होता. पहिल्या आठवड्यात तिथे मेसच्या पातळ आमटीच्या आठवणी निघाल्या. दुसऱ्या आठवड्यात किमती निघाल्या.

कोणी लिहिलं, मला सातशे आले, रडूच आलं पहिल्या पानावर. लगेच दुसरीला नऊशे. मग तीनशेवाल्या गप्प झाल्या. एकीने आडून विचारलं की डोळ्यांत थेंब घालून वाचलं तर चालतं का. मॅडमची सगळ्यात लाडकी म्हणून ओळखली जाणारी एक मुलगी ग्रुपमधून निघूनच गेली. तिला किती आले ते कोणालाही कळलं नाही, आणि प्रत्येकीने आपापला अंदाज बांधला.

गिरिजाबाईंनाही नाद लागला. लेखकाला वेबसाइटवर एक पान दिसायचं, त्यात वाचकाचं नाव नसायचं. गाव, दाखवलेली किंमत आणि पुस्तक घेतलं की नाही एवढंच. त्या दिवसातून कितीदा तरी ते उघडायच्या. परभणी, पाचशे. घेतलं. पुणे, दोनशे दहा. घेतलं नाही. बाजारात जुनी मुलगी भेटली, वाकून नमस्कार करायला लागली की गिरिजाबाईंच्या मनात पहिला विचार यायचा, हिची किती असेल? त्यांना स्वतःची लाज वाटायची, आणि तरी विचार यायचाच.

त्या पानावर एक नोंद मात्र त्यांना उलगडत नव्हती. उदगीर. एकवीसशे. घेतलं नाही.

दोन दिवसांनी पुन्हा उदगीर, पुन्हा एकवीसशे, पुन्हा घेतलं नाही. त्यानंतरही तेच. कोणीतरी ती पहिली पानं परत परत उघडत होतं, दर वेळी किंमत वरच्या टोकाला जाऊन टेकत होती, आणि ते माणूस मागे फिरत होतं.

"पैशाची अडचण असेल का?" त्यांनी इम्तियाजला विचारलं. "आपण त्या एकीला कमी किंमत लावली तर?"

"एकीसाठी नाही लावता येत. पण थांबा, कंपनीला विचारू."

कंपनीतल्या एका इंजिनिअर मुलीने फोन घेतला. इम्तियाजने स्पीकर लावला. गिरिजाबाईंनी सगळं सांगितलं.

"वरचं टोक म्हणजे दर वेळी आवडच असं नाही हं, मॅडम," ती मुलगी म्हणाली. "बाहुली आवडत्या माणसाला बघून मोठी होते, तशी साप बघूनही होते. नाडी दोन्ही वेळेला वाढते. नजर अडखळते दोन्ही वेळेला. शरीराकडे जागं व्हायची एकच यंत्रणा आहे. ते जागं झालं एवढं आम्हाला कळतं. कशासाठी, ते नाही कळत."

"म्हणजे भीतीसुद्धा असू शकते?"

"असू शकते. बहुतेक पुस्तकांना कोणी घाबरत नाही, म्हणून चालून जातं."

"आणि कमीत कमी किंमत आली तर?"

"तर माणूस शांत होता. कंटाळलेला असेल, किंवा अगदी निवांत असेल. आपल्या माणसांजवळ असतं ना, तसा. आम्हाला दोन्ही सारखंच दिसतं."

"मग याला ओढ का म्हणता तुम्ही?"

"नाव मार्केटिंगवाल्यांनी ठेवलं, मॅडम."

घरी आल्यावर गिरिजाबाईंनी राजशेखरना हे सगळं सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. कंटाळलेला किंवा निवांत, हे शब्द त्यांनी दोनदा म्हणून पाहिले.

"मी यातला कोणता?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्हीच सांगायचं ना."

"मला पूर्वी माहीत होतं," राजशेखर म्हणाले. "आता विचार केला की बुचकळ्यात पडतो."

*

उदगीरला आपल्याला घाबरणारं कोणीतरी आहे, ही गोष्ट गिरिजाबाईंच्या डोक्यातून जाईना. त्यांनी स्वतःचं पुस्तक एखाद्या परक्या माणसाने वाचावं तसं वाचायला घेतलं. आणि चौदा नंबरच्या खोलीच्या प्रकरणापाशी थांबल्या.

त्या खोलीतली एक मुलगी मागच्या भिंतीवरून उडी मारून कोणाला तरी भेटायला जायची. गिरिजाबाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिच्या वडिलांना फोन केला. वडील जीप घेऊन आले, मुलीने बॅग उचलली आणि बारावीच्या परीक्षेआधीच ती गेली. पुढे तिचं काय झालं ते कधी कळलं नाही. गिरिजाबाईंनी हे सगळं नाव बदलून, पण सरळ लिहिलं होतं. लिहिताना ते प्रामाणिक वाटलं होतं. आता वाटायला लागलं की नाव बदलून काय होतं? त्या मुलीला तर कळणारच की ही मीच. तिला सासर असेल, मुलं असतील. फुकटच्या पानांतच अनुक्रमणिका होती आणि तिच्यात 'खोली नंबर चौदा' असं ठळक छापलेलं होतं.

त्या इम्तियाजकडे गेल्या. "एक प्रकरण काढायचं आहे."

"काढू या. पुढच्या प्रतीपासून निघेल."

"आणि आधीच्या प्रती?"

"त्या गेल्या, मॅडम. त्या आता लोकांच्या."

काम चहा संपायच्या आत झालं. तीन महिने ज्या प्रकरणाशी त्या झगडल्या होत्या ते फाइलमधून नाहीसं झालं. पानं कमी झाली म्हणून दोनशे दहाचे दोनशे झाले. घरी जाताना त्यांना हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नव्हतं.

आठच दिवसांत ग्रुपवर गोंधळ उडाला. एकीच्या पुस्तकात चौदा नंबरची खोली होती, दुसरीच्यात नव्हती. जिच्यात होती तिने सातशे दिले होते, जिच्यात नव्हती तिने तीनशे. झालं. जास्त पैसे देणाऱ्यांना मॅडमनी जास्तीचं प्रकरण दिलंय, असा अर्थ निघाला. नऊशेवालीला वाटलं की तिच्या प्रतीत अजून काहीतरी असणार, आणि ती सगळ्यांना पानांचे आकडे विचारत सुटली. गिरिजाबाईंनी खुलासा लिहिला. तो वाचून एकीने विचारलं, मॅडम, मग खरं पुस्तक कोणतं?

गिरिजाबाईंनी फोन पालथा ठेवला.

आणि उदगीरची नोंद तशीच होती. एकवीसशे. घेतलं नाही.

शेवटी त्यांनी वेबसाइटवरून त्या अनोळखी वाचकाला निरोप पाठवला. नाव कळणार नव्हतं, पण निरोप पोचणार होता. त्यांनी पुष्कळ वेळ विचार करून लिहिलं, 'आपल्याला ज्या गोष्टीची काळजी वाटत असेल, ती या पुस्तकात नाही. निर्धास्त राहावं.'

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'मॅडम, मी रविवारी भेटायला येऊ का? स्वप्नाली जाधवर.'

नाव वाचून गिरिजाबाई विचारात पडल्या. चौदा नंबरच्या मुलीचं नाव हे नव्हतं. तिच्या खोलीतल्या कोणाचं असेल? जाधवर आडनावाच्या मुली वसतिगृहात दर वर्षी असायच्या. चेहरा म्हणून एकही समोर येईना.

*

स्वप्नाली रविवारी दहाच्या सुमारास आली. पस्तिशीच्या आसपासची, अंगाने भरलेली, स्वच्छ इस्त्रीची सुती साडी. उदगीरच्या एका शाळेत ती मुख्याध्यापिका होती. दारातच तिने वाकून नमस्कार केला आणि मग कुठे बसावं ते न कळल्यासारखी उभी राहिली. राजशेखरनी तिला पंख्याखालची खुर्ची दिली आणि स्वतः चहा करायला आत गेले.

"गाडी लगेच मिळाली?"

"हो मॅडम. आता विजेच्या गाड्या अर्ध्या अर्ध्या तासाला आहेत. आपल्या वेळेसारखं नाही."

आपल्या वेळेसारखं, हे तिने इतक्या सहज म्हटलं की गिरिजाबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. कपाळावरचा बारीक व्रण, पुढचे जरा मोठे दात. काहीच ओळखीचं नव्हतं. पण मुलगी घाबरलेली होती हे दिसत होतं. पदराचं टोक ती बोटाला गुंडाळत होती. गिरिजाबाईंना तिची कीव आली, आणि आपण तिला लवकर मोकळं करावं असं वाटलं.

"हे बघ स्वप्नाली, मी तुला आधीच सांगते. तू मनातली भीती काढून टाक. पुस्तकात तुझं नाव कुठेही नाही. नाव बदलूनही नाही. तुझ्याबद्दल मी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही."

स्वप्नालीची बोटं थांबली. तिने वर बघितलं. गिरिजाबाईंनी आयुष्यभर मुलींचे चेहरे वाचले होते. रिझल्टच्या दिवशी यादीत नंबर नसल्यावर होतो, तसा तो चेहरा झाला.

"एक ओळसुद्धा नाही?" तिने विचारलं.

"नाही."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हणून तर विकत घेत नव्हते. नुसती पहिली पानं वाचायची आणि ठेवून द्यायची. घेतलं नाही तोवर असेलही, असं म्हणता येत होतं." ती हसायचा प्रयत्न करत होती. "एकवीसशेचा प्रश्न नव्हता, मॅडम."

गिरिजाबाईंना आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि इतके दिवस रचलेलं सगळं एका झटक्यात उलटं झालं. पुस्तकात आपण असू म्हणून नव्हे, आपण नसू म्हणून ही मुलगी घाबरली होती. त्या भीतीसाठी त्यांनी एक प्रकरण काढून टाकलं होतं. भलतंच.

"मी बारावीला होते तेव्हा आई गेली," स्वप्नाली म्हणाली. "फोन तुम्हीच घेतला होता. तुम्ही माझ्याबरोबर गावापर्यंत आलात. पालमपासून पुढे गाडी नव्हती. तुम्ही रात्री तिथेच राहिलात. माझ्या आयुष्यात…" तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्हाला आठवत असेल."

आतून कपबशांचा आवाज येत होता. गिरिजाबाई आठवत राहिल्या. आई गेलेल्या, वडील गेलेल्या मुली काही कमी नव्हत्या. काहींबरोबर त्या गेल्या होत्या, काहींना शिपायाबरोबर पाठवलं होतं. सगळ्या एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. पालम, गाडी नसलेला रस्ता, एखादं घर. काही म्हणजे काही हाताला लागत नव्हतं. 'हो, आठवतं ना' असं म्हणणं अगदी सोपं होतं. तो शब्द जिभेपर्यंत आलाही. पण त्यापुढे ती काय काय विचारेल, आणि आपण कुठपर्यंत रेटत नेणार?

"मला आठवत नाही, स्वप्नाली," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस म्हणजे मी आलेच असणार. पण मला खरंच आठवत नाही."

स्वप्नाली खाली बघत होती. राजशेखर चहा घेऊन बाहेर आले, दोघींकडे बघितलं, कप ठेवले आणि पुन्हा आत गेले.

"मी लिहीन," गिरिजाबाई म्हणाल्या. "आता लिहिता येतं. पुढच्या प्रतीत घालता येतं. तू सांग, मी सगळं उतरवून घेते."

"नको, मॅडम."

"का?"

"मी सांगायचं, तुम्ही लिहायचं आणि मग मी वाचायचं. त्यात माझं माझ्याकडेच परत येईल. तुमच्याकडून काय येणार?"

त्यात चूक काढता येत नव्हती. दोघी चहा प्यायल्या. पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर हलत होतं. मग स्वप्नालीने पर्समधून फोन काढला, समोर धरला आणि ती पहिली पानं पुन्हा एकदा वाचली. मन लावून वाचली. गिरिजाबाई तिचा चेहरा बघत होत्या, पण कॅमेरा काय बघत असेल याचा त्यांना अंदाज येईना.

स्वप्नालीने फोन त्यांच्याकडे वळवला. किंमत तीनशे दहा होती.

"उतरली," गिरिजाबाई म्हणाल्या.

"हो."

"म्हणजे काय झालं असेल?"

स्वप्नाली विचार करत होती. "भीती गेली असेल. नाहीतर दुसरं काहीतरी गेलं असेल. मला नाही कळत, मॅडम. तुम्हाला कळतंय?"

"नाही," गिरिजाबाई म्हणाल्या.

तिने पुस्तक घेतलं.

*

लातूरलाच आलेय तर इथेच छापून घेऊ, म्हणून दोघी चालत इम्तियाजच्या दुकानात गेल्या. वाटेत स्वप्नाली शाळेबद्दल बोलत होती, गिरिजाबाई हुंकार देत होत्या. मनात एकच गोष्ट घोळत होती. या मुलीचं माझ्याकडे काहीतरी होतं आणि ते मी हरवून बसले. आता देण्यासारखं काय आहे?

इम्तियाजने ऑर्डर उघडली. यंत्र सुरू करायला त्याने हात पुढे केला तेवढ्यात गिरिजाबाई म्हणाल्या, "दोन गोष्टी करायच्या आहेत. चौदा नंबरचीही शोधत असेल स्वतःला; काढलेलं प्रकरण परत घाला. सगळ्यांच्यात. आणि हिच्या प्रतीत शेवटी कोरी पानं जोडा. सोळा."

"कोरी पानंही पानंच धरतात, मॅडम. त्याचे पैसे लागतील."

"मी देते."

"सोळा कशाला?" स्वप्नालीने विचारलं.

"मी नको लिहू म्हणालीस, ते मला पटलं. मग तू लिही. मला आठवत नाही, म्हणजे मला माहीत नाही. तिथे कोण आली होती, तिने काय केलं, ते मला वाचायचं आहे. वाचून झालं की पुस्तक तुला परत देईन."

यंत्रात कागद सरकायला लागला होता. काचेतून पानं एकावर एक पडताना दिसत होती, आधी काळी, मग शेवटची पांढरी. डिंकाचा वास आला. पुस्तक बाहेर आलं तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी उचललं आणि पहिल्या पानाऐवजी शेवटचं उघडून बघितलं.

"मला लिहिता नाही येत तुमच्यासारखं," ती म्हणाली.

"मला तरी कुठे येतं?"

ती गेल्यावर गिरिजाबाईंनी इम्तियाजला ओढ-भाव काढायला सांगितला. तीनशे रुपये. सगळ्यांना एकच.

"तोटा होईल, मॅडम. नऊशेवाले येतात मधूनमधून."

"होऊ दे. मला वेबसाइटवरचं ते पान आता बघायचं नाही."

तीनशेच का, असं त्याने विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्यांना सांगता आलं नसतं.

*

पावसाळा संपता संपता उदगीरहून पुस्तक आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. मधल्या काळात ग्रुप शांत झाला होता. किंमत सगळ्यांना एकच म्हटल्यावर मुली पुन्हा आमटीवर बोलायला लागल्या होत्या. राजशेखरनी आपली प्रत तीनशे रुपये भरून, सगळ्यांसारखी विकत घेतली होती आणि ते रोज दुपारी थोडी थोडी वाचत होते. त्यांना पुस्तक आवडतंय की ते नेमाने वाचतायत, हे गिरिजाबाईंनी विचारलं नव्हतं.

त्या गच्चीत जाऊन बसल्या आणि शेवटची पानं उघडली. सोळाच्या सोळा भरली होती, अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, गोल, सरळ रेषेत.

त्यात एक रेक्टर होती. ती पालमच्या स्टँडवर कंडक्टरशी भांडली, कारण त्याने पुढे जायला नकार दिला. मग तिने दुधाचा टेम्पो थांबवला आणि मुलीला कॅनच्या मधे बसवून स्वतः मागच्या फळीवर लटकत आली. त्या घरात बायका रडत होत्या तेव्हा ती रडली नाही. तिने चूल पेटवली आणि लहान भावाला भात खाऊ घातला. रात्री सारवलेल्या जमिनीवर, उशाला पर्स घेऊन ती झोपली आणि घोरली. त्या घोरण्याने मुलीला इतक्या तासांत पहिल्यांदा हसू आलं, आणि हसू आल्याची लाज वाटली, आणि मग झोप लागली. सकाळी निघण्याआधी तिने मुलीची वेणी घातली. कधी येशील, असं ती म्हणाली नाही. तुझी कॉट कोणाला देणार नाही, एवढंच म्हणाली.

गिरिजाबाईंनी शेवटपर्यंत वाचलं, मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं. टेम्पो आठवला नाही. चूल आठवली नाही. वेणी घालताना हाताला लागलेले केस आठवतील म्हणून त्यांनी डोळे मिटून पाहिले. काही नाही. जे वाचत होत्या ते दुसऱ्याच कोणत्या तरी बाईचं होतं.

राजशेखर पाण्याची झारी घेऊन वर आले.

"उदगीरचं?"

"हो."

"काय लिहिलंय?"

"एका रेक्टरबद्दल आहे. भांडखोर दिसते. घोरतेसुद्धा."

"मग तूच की."

"ती तसं म्हणते. मला ओळख पटत नाही." गिरिजाबाईंनी पुस्तक मिटलं, पण बोट आत ठेवलं. "पण बाई चांगली आहे हो. मला आवडली."

राजशेखरनी झारी खाली ठेवली, पंच्याला हात पुसले आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.

"दे," ते म्हणाले. "मलाही बघू दे कशी आहे."

गिरिजाबाईंनी पुस्तक दिलं आणि शेजारी जागा करून दिली.